साडेनऊ इंच

शिंप्याने पृथ्वीच्या गोलावर धागा ताणून धरला आणि धाकट्याला म्हणाला,

"जग हलवू नकोस."

धाकट्याने जग दोन्ही तळव्यांत घट्ट पकडलं. ते प्लास्टिकचं होतं, त्याला शाळेत वक्तृत्वाच्या दुसऱ्या बक्षिसात मिळालेलं, आणि पाय मोडल्यामुळे गेली काही वर्षं ते कपाटावर एका स्टीलच्या वाटीत बसून होतं. शिंप्याच्या डाव्या अंगठ्याखाली त्याची थोरली मुलगी राहत होती ते शहर होतं. उजव्या अंगठ्याखाली ती शनिवारपासून राहणार होती ते. मधला धागा काळा, चाळीस नंबरचा, आणि तो ऐकत नव्हता.

शिंप्याला तो खालच्या समुद्रातून न्यायचा होता. आदल्या दिवशी धाकट्याने आपल्या कुरिअरच्या ऑफिसातल्या भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून दोन शहरांमध्ये रेघ मारली होती आणि ती समुद्रातून गेली होती, घरापासून दोन हजार किलोमीटर खाली. थोरलीने आईला फोनवर सांगितलं होतं तेही तेच होतं. "मध्ये उतरायचं तर वाट फार वाकडी होते गं आई. सोमवारी हजर व्हायचंय." आईने ते घरात जसंच्या तसं सांगितलं, नव्या नोकरीत तीन वर्षं रजा नाही हेही सांगितलं, आणि मग बराच वेळ एकच पातेलं घासलं.

पण धागा ताणला की तो समुद्रात राहायला तयार होत नव्हता. शिंपी नखाने त्याला खाली सारायचा. जरा ताण दिला की धागा वर सरकायचा, किनारा ओलांडायचा, डोंगर चढायचा आणि दर वेळी एकाच जागी जाऊन बसायचा. तीनदा झालं. चौथ्यांदा शिंप्याने त्याला काही केलं नाही. त्याने चष्मा कपाळावर ढकलला.

"खाली काय आहे बघ. धाग्याच्या खाली."

धाकटा वाकला. मग जग हलू न देता अजून वाकला.

"आपण," तो म्हणाला.

काजं-बटणं करणारे म्हातारे गृहस्थ, ज्यांना नाव असूनही सगळे काजवालेच म्हणत, कोपऱ्यात सुई ओवत होते. ते ओवायचे थांबले.

"पण नकाशावर सरळ रेघ..." धाकटा म्हणाला.

"नकाशा म्हणजे कापड," शिंपी म्हणाला. "कापड सपाट असतं, माणूस नसतो. बाहीचा माथा कापडावर आखला की डोंगरासारखा वाकडा दिसतो. अंगावर चढला की सरळ बसतो. जगाचंही अंगच आहे ना. तू कापडावर माप घेतलंस."

त्याने धाग्याला तीन ठिकाणी खडूची खूण केली, तो सोडला आणि टेपवर धरला. साडेनऊ इंच. विमान कंपनीच्या पानावर लिहिलं होतं नऊ हजार सहाशे चाळीस किलोमीटर, अकरा तास वीस मिनिटं. शिंपी टेपवरच्या साडेनऊ इंचांकडे बराच वेळ बघत राहिला. लहान मुलाची बाही साडेनऊ इंच असते.

"आणि आपण?" काजवाल्यांनी विचारलं.

"साडेपाचवर."

धाकट्याने फोनवर त्रैराशिक मांडलं. सुटल्यापासून सहा तास चौतीस मिनिटं. विमान आपल्या घड्याळात सकाळी आठ पाचला सुटतं, म्हणजे दुपारी दोन एकोणचाळीस. मग त्याला एक शंका आली आणि ती बोलून दाखवल्याशिवाय त्याला राहवेना.

"बाबा, या गोलावर नुसती धाग्याची जाडीच दहा किलोमीटर होते."

"मग नीट बघ."

विमानं कुठे आहेत ते दाखवणारा नकाशा फोनवर असतो. धाकट्याने तिचं विमान आदल्या चार दिवसांत कुठून गेलं ते काढलं. चारही दिवस ते गावाच्या किंचित उत्तरेने गेलं होतं, तीन-चार किलोमीटरवरून. उंची अकरा किलोमीटर.

"अकरा म्हणजे किती?" आई मागच्या दारातून हात पुसत आली होती.

"माझं ऑफिस," धाकटा म्हणाला. "तेवढंच. फक्त उभं. वर रस्ता असता तर स्कूटरवरून डबा देऊन आलो असतो, पंचवीस मिनिटांत."

आईने छताकडे पाहिलं. पंख्याच्या वर, पत्र्याच्या वर, कुठेतरी धाकट्याचं ऑफिस होतं आणि त्यात शनिवारी थोरली बसणार होती.

*

चार वर्षांपूर्वी थोरली पहिल्यांदा निघाली तेव्हा शिंपी विमानतळावर गेला नव्हता. एका गिऱ्हाइकाचा कोट अर्जंट होता. ते गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात येणार होतं, हे सगळ्यांना माहीत होतं, थोरलीलाही. ती चाकांची बॅग घेऊन दुकानाच्या दारात पाच मिनिटं उभी राहिली आणि तो पाच मिनिटं एकाच टाक्यात सुई घालत-काढत राहिला. बाबा रागावलेत, असं तिने धरलं. खरं कारण तोंडाने सांगण्यापेक्षा रागावलेलं असणं सोपं होतं, म्हणून त्यानेही ते तसंच राहू दिलं. तेव्हापासून फोन यायचा तो आईचा. आई बोलायची आणि शेवटी "बाबा बरे आहेत" म्हणायची. शिंपी पाठमोरा असायचा. तेवढा वेळ त्याच्या मशीनचं पायडल थांबलेलं असायचं, पण ते फक्त काजवाल्यांना दिसायचं आणि काजवाले त्याबद्दल कधी बोलत नसत.

आता ते बोलले.

"मास्तर, तीन-चार मिनिटं का होईना, पोरगी डोक्यावरून जाणार. हात तरी करू."

"हात दिसतो होय अकरा किलोमीटरवरून?"

"मग काय दिसतं?"

हा प्रश्न दुकानात पहिल्यांदाच कुणी विचारला होता.

मागच्या फळीवर केशरी अस्तराचे चार ताके पडून होते. कोणत्याशा हॉटेलने वेटरांच्या कोटांसाठी ते मागवले होते आणि मग वेटरांना कोटच नकोत असं ठरवलं होतं. रंग असा होता की एरवी फळीवरही पडदा ओढून ठेवावा लागे.

"जोडून मैदानावर अंथरू," धाकटा म्हणाला. "मोठी चादर."

"चादर गादीवाला अंथरतो," शिंपी म्हणाला आणि खडू हातात घेतला. "खांदा साडेचौदा. छाती चौतीस. बाही बावीस. लांबी अडतीस."

वही उघडली नव्हती. आई म्हणाली,

"बारीक झालीय ती आता."

"कोट जरा ढगळच बरा."

"कोट?" धाकट्याने विचारलं.

"मग? किती पट केला तर दिसेल ते सांग."

धाकट्याने पुन्हा फोन काढला. वीसपट केला तर अकरा किलोमीटरवरून तो कोट वीस फुटांवरच्या शर्टाच्या बटणाएवढा दिसेल, असं निघालं. शिंपी अशा आकड्यांवर ट्रायल घेतल्याशिवाय विश्वास ठेवत नसे. दुकान आणि मागचं अंगण मिळून बरोबर वीस फूट भरत होतं. आईला अंगणाच्या टोकाला उभं केलं. काजवाले दुकानाच्या दारात एक केशरी बटण चिमटीत धरून उभे राहिले.

"दिसतंय का वहिनी?"

"दिसतंय."

"काय दिसतंय?"

"बटण."

"दोन भोकांचं की चार?"

आईने डोळे बारीक केले. "भोकं नाही दिसत. पण बटण आहे हे कळतं."

शिंपी आधी बटणाकडे बघत होता आणि मग बायकोकडे. तिचा चेहरा फार वर्षांनी वीस फुटांवरून नीट बघितल्यासारखा.

"पुरे तेवढं," तो म्हणाला.

*

पुढचे दिवस दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला 'उद्या' सांगण्यात आलं. एरवीही तेच सांगितलं जात असल्यामुळे कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

वीसपट कोटाचे प्रश्न वेगळे होते. खांदा चोवीस फुटांच्या वर गेला. एक बाही छत्तीस फुटांच्या पुढे. अंगात अर्धा इंच सैल ठेवायचं म्हणजे दहा इंच ठेवायचं का, यावर शिंपी आणि काजवाले यांच्यात अख्खी दुपार गेली. शिंप्याचं म्हणणं, माणूस वाढला म्हणून त्याचा श्वास वाढतोच असं नाही. काजवाल्यांचं म्हणणं, वीसपट माणसाचा श्वास आपण कुठे पाहिलाय. शेवटी दहा इंच ठेवलं. टिपा मारायला मशीनच्या एका बाजूला धाकटा कापड सोडत बसायचा आणि दुसऱ्या बाजूला आई ओढून घ्यायची, आणि तिच्या मागे अंगणात केशरी ढीग वाढत जायचा, इतका की शेजारचं मांजर त्यात शिरलं ते दुसऱ्या दिवशी बाहेर पडलं.

काजवाल्यांनी काजं करायला घेतली. एक काज पंधरा इंच लांब. धाकट्याने त्यांना समजावलं की वरून काज दिसणं कोणत्याही गणितात बसत नाही.

"अस्तर तरी कुणाला दिसतं?" काजवाले म्हणाले. "म्हणून लावायचं नाही का?"

बटणांसाठी आईने घरातल्या चार थाळ्या दिल्या. भोकं मात्र पाडू दिली नाहीत.

गुरुवारी संध्याकाळी थोरलीचा फोन आला. आई कापडाच्या ढिगावरच बसली होती. फोन कापडावर ठेवून, आवाज मोठा करून ती बोलत होती, कारण दोन्ही हातांत सुया होत्या. सामान भरलं का, तिकडे थंडी किती, नेहमीचं सगळं झालं. मग ती म्हणाली,

"जागा कशी मिळालीय? खिडकीची आहे ना?"

"छे. कडेची घेतलीय मी. उठायला बरी. गोळी घेऊन झोपणार आहे सरळ. अकरा तास काय करायचं?"

मशीन थांबलं. थांबायचंच होतं ते, फोन होता. पण या वेळी स्टूल सरकल्याचाही आवाज झाला. आईने वर पाहिलं नाही. काजवाल्यांनी पाहिलं. शिंपी मैदानाच्या दिशेला तोंड करून, म्हणजे मावळतीकडे, उभा होता. विमान तिकडून येणार होतं, समोरून, आणि जाणार होतं त्याच्या उजव्या हाताने. चाळीस वर्षं तो समोरच्या माणसाची मापं घेत आला होता. समोरच्याचं सगळं उलटं धरायचं असतं, आपल्या उजव्या हाताला येते ती त्याची डावी बाही, हे त्याच्या हातांना डोक्याच्या आधी कळत असे. त्याने उजवा हात थोडा उचलला, हवेत खांद्याएवढ्या उंचीवर काहीतरी चिमटीत धरल्यासारखं केलं, आणि फोनपाशी आला.

चार वर्षांनंतर त्याने मुलीला उद्देशून उच्चारलेलं पहिलं वाक्य असं होतं:

"खिडकी घे, डावीकडची, आणि सुटल्यापासून सहा तास चौतीस मिनिटांनी खाली बघ."

 एक दार लागल्याचा आवाज आला फक्त, तिकडचा.

"बाबा?" थोरली म्हणाली.

"हं."

"खाली काय आहे?"

शिंप्याने तोंड उघडलं. ढिगावर बसलेली आई, हातात पंधरा इंचांचं काज घेतलेले काजवाले आणि कापडात कमरेपर्यंत बुडालेला धाकटा, तिघेही वाट बघत होते.

"बघ तर," तो म्हणाला आणि परत जाऊन मशीनवर बसला. पायडल मात्र फोन संपल्यावरही बराच वेळ चाललं नाही.

*

मैदानाच्या राखणदाराने कोट आधी पूर्ण उलगडू दिला आणि मगच विचारलं,

"हे काय आहे?"

"कोट," शिंपी म्हणाला.

राखणदाराने एका बाहीपासून दुसऱ्या बाहीपर्यंत चालत जाऊन खात्री करून घेतली. त्याला वेळ लागला.

"कोणाचा?"

"मुलीचा."

राखणदाराने यावर विचार केला. "किती वाजेपर्यंत? साडेतीनला मॅच आहे."

"दोन एकोणचाळीस."

"अकरा मिनिटं उशिरा सुटलंय," धाकटा फोनमधून डोकं वर न काढता म्हणाला. "दोन पन्नास."

"म्हणजे तीनपर्यंत," राखणदार म्हणाला, आणि मैदान आखायची फक्कीची गाडी घेऊन निघाला. पण कोटाच्या कडेला आल्यावर त्याने गाडी वळवली आणि सबंध कोटाला बाहेरून पांढरी रेघ मारून दिली. कुणी सांगितलं नव्हतं. असं कापड समोर असलं की बहुतेक आखावंसं वाटत असावं.

वारा थोडा होता. खालच्या घेरावर विटा ठेवल्या, बाह्यांवर दगड, कॉलरवर दुकानातल्या दोन्ही इस्त्र्या. काजवाले मधोमध गुडघे टेकून चारही थाळ्या काजांच्या रेषेत लावून आले. चपला काढून गेले होते. मग सगळे कडेला येऊन उभे राहिले आणि तेव्हा कुठे त्यांना तो दिसला. दुकानात, अंगणात, तुकड्यातुकड्याने बघताना ते नुसतं कापड होतं. आता हिरव्या मैदानावर हात पसरून कुणीतरी पडलं होतं, पाठीवर, आभाळाकडे बघत, आणि इतकं मोठं की त्याच्या एका खिशात घर मावलं असतं.

"खांदे बसलेत," काजवाले हळू म्हणाले.

 शिंप्याने दुकानाची कात्री उगीचच बरोबर आणली होती आणि ती तो एका हातातून दुसऱ्या हातात घेत होता.

दोन पंचेचाळीसला मॅचची पोरं येऊ लागली. त्यांनी कोट पाहिला, चार माणसं आभाळाकडे बघतायत हे पाहिलं, आणि काय आहे ते न विचारता तीही बघू लागली.

"आलं," धाकटा म्हणाला.

आधी काहीच नव्हतं. मग मावळतीकडे, झाडांच्या बऱ्याच वर, एक पांढरी टीप दिसली. कुणीतरी आत बसून आभाळाला ती घालत होतं, अगदी सरळ, अगदी सावकाश, आणि सुईचं टोक तेवढं उन्हात चमकत होतं. आवाज नव्हता. त्या टोकात तीनशे माणसं होती. त्यांची जेवणं होती, ब्लँकेटं होती, झोपलेली मुलं होती, आणि एका बाजूला थोरली होती, ऑफिसाएवढ्या अंतरावर. ते टोक ताशी नऊशे किलोमीटरने चाललं होतं आणि तरी आईला मान वळवून त्याच्याबरोबर जाता येत होतं. तिने हात वर केला नाही. पदर मात्र दोन्ही हातांनी धरून ठेवला, जोराच्या वाऱ्यात धरतात तसा. वारा एव्हाना पडला होता.

टीप डोक्याच्या जरा पलीकडून, उत्तरेने, पुढे सरकली. आणि ती पुढे गेल्यावर, जिथे आता काहीच नव्हतं त्या रिकाम्या आभाळातून, आवाज आला. खोल, लांबून ओढत आणल्यासारखा. पोरांपैकी एकाने मागे वळून पाहिलं. विमान कधीच पुढे गेलं होतं, आवाज अजून पोचत होता. शिंपी तोंड उघडं ठेवून तो ऐकत राहिला, शेवटचा थेंब येईपर्यंत.

मग त्याने कात्री गवतावर ठेवली. तो उगवतीकडे तोंड करून उभा राहिला, विमान गेलं तसा. डावा हात पसरला. त्या हाताच्या टोकाला उत्तरेचे डोंगर होते, उघडे, कुणीही नसलेले. त्याने डावा हात खाली घेतला आणि उजवा पसरला. उजव्याच्या टोकाला मैदान होतं, कोट होता, ते सगळे होते.

तो तसाच उभा राहिला. त्या हातात कुणीतरी टेपचं टोक द्यावं याची वाट बघत असल्यासारखा.

"अहो," आई म्हणाली. "काय झालं?"

धाकट्याला कळलं होतं. त्याने फोन खिशात घातला आणि दुसरीकडे बघायला सुरुवात केली.

"बाजू चुकली," शिंपी म्हणाला. "ती डोंगर बघत गेली."

 राखणदार लांबून घड्याळ दाखवत होता. ते चौघे, मग राखणदार, शेवटी पोरंसुद्धा, कोटाच्या कडा धरून आत चालत आले, घडी घातली, परत घडी घातली. दर घडीला कोट अर्धा होत गेला, आणि सातव्या की आठव्या घडीला तो दोन माणसांना उचलण्याजोगा झाला. मैदानावर फक्कीची रेघ तेवढी राहिली. त्या दिवशीची मॅच त्या रेघेच्या आतबाहेर खेळली गेली आणि एक गोल काखेतून झाला.

*

दुकान बंद करायची वेळ होत आली होती. आई आत फोन समोर ठेवून बसली होती, कारण विमान उतरून पाऊण तास झाला होता. धाकटा थाळ्या धुऊन पुसत होता. काजवाल्यांनी शटर खाली ओढायला घेतलं तेवढ्यात फोन वाजला आणि आईने उचलला, पण तिचा वाजत नव्हता. वाजत होता तो मशीनवरच्या खडूंच्या डब्यातला, शिंप्याचा. त्यावर गिऱ्हाइकांशिवाय कुणी फोन करत नसे आणि गिऱ्हाइकांचा तो उचलत नसे.

शिंप्याने पडद्यावर पाहिलं. मग हात पँटला पुसले, दोन्ही, आणि उचलला.

"पोचलीस?"

"पोचले. बॅगेची वाट बघतेय."

"बरं."

पलीकडे पुष्कळ माणसांचा, चाकांचा आवाज होता. शिंपी उभाच होता.

"डावी नव्हती ती," तो म्हणाला. "माझी चूक झाली. तुझी झोप मोडली उगीच."

"मी उजवीकडची घेतली होती, बाबा."

शिंप्याने स्टूल पायाने जवळ ओढलं, पण बसला नाही.

"डावी सांगितली होती मी."

"म्हणून तर. कपडा सोडून तुम्ही आजवर कधी बाजू बरोबर सांगितलीय? तुम्ही सांगितलेल्या डावीकडे वळून आत्तापर्यंत कोण कुठे पोचलंय?"

शटर धरून उभ्या असलेल्या काजवाल्यांनी मान हलवली. त्यांना एकदा असंच दवाखान्याऐवजी पेट्रोल पंपावर जाऊन यावं लागलं होतं.

"दिसलं?" शिंप्याने विचारलं. 

"केशरी होतं काहीतरी. एवढंसं. हात पसरल्यासारखं. मी शेजारच्या बाईंना उठवून दाखवलं. त्यांनाही दिसलं, पण काय आहे ते त्यांनाही कळेना." ती थांबली. "दोन-तीन मिनिटं दिसत होतं. मग पंखाखाली गेलं. काय होतं ते?"

आई दारात येऊन उभी राहिली होती. धाकट्याच्या हातात थाळी होती आणि ती पुरेशी पुसून झाली होती.

"कोट," शिंपी म्हणाला. "तुझा."

आता पलीकडच्या चाकांचाही आवाज येईना. की येत होता, पण ऐकायला कुणी नव्हतं.

"माप जुनं आहे," तो म्हणाला. "चार वर्षांपूर्वीचं. तुझी आई म्हणते, बारीक झालीस." त्याने डब्यातला एक खडू उचलला, बघितला, परत ठेवला. "त्या दिवशी मी आलो नाही विमानतळावर. कोट अर्जंट नव्हता."

"माहीत आहे."

"मला जमलं नसतं तिथे."

"बाबा."

"ट्रायलला यावं लागेल तुला," शिंपी म्हणाला. "ट्रायलशिवाय मी पुढे हात लावत नाही."

पलीकडे घंटा वाजली आणि पट्टा सुरू झाल्याची घरघर ऐकू आली. माणसं पुढे सरकली असावीत. त्या गर्दीत तिचा आवाज एकदम जवळून आला, तोंड फोनला लावून बोलल्यासारखा.

"थांबा, बॅग येतेय माझी. एका हाताने उचलावी लागेल. ठेवू नका."

"नाही ठेवत."

"ठेवू नका हं."

काजवाल्यांच्या हातात अर्धं ओढलेलं शटर होतं. आता ते सोडलं तर आवाज होणार होता. ते तसंच धरून, म्हातारे दोन्ही हात डोक्याच्या वर घेऊन, ते उभे राहिले.